रिपोर्ट नॉर्मल, मग पाय का उचलत नाही?

तीन वर्षांपूर्वी आंब्याचा हंगाम संपता संपता माझ्या वहिनीला ताप आला. चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी ती उठली आणि उजवा पाय जमिनीवरून उचलेचना. पाय फरफटत न्हाणीपर्यंत गेली आणि दारातच बसली. अंगावरून वारं गेलं असं समजून आम्ही तिला गाडीत घातलं आणि घाट चढून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं, पाठीच्या कण्याचा फोटो काढला. सगळं चांगलं निघालं. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका, घरी न्या."

काही झालेलं नसलेला तो पाय घेऊन वहिनी घरी आली. दादा मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरात आई, मी आणि वहिनीची शाळकरी मुलगी. भेटायला येणाऱ्यांनी आठवडाभरात तीन निदानं केली. कुणी म्हणालं, वारंच गेलंय, मशीनला कळलं नाही. कुणी म्हणालं, देवाकडे गाऱ्हाणं घाला, बाहेरचं काहीतरी आहे. आणि खळ्यात उभं राहून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकजण म्हणाला, "तिका काय एक झाला नाय. नाटकां करता ती."

चौथं निदान मिळायला पाच महिने गेले. एका न्यूरॉलॉजिस्टनी अर्धा तास तपासून आजाराचं नाव सांगितलं. ते नाव तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानंतर आमच्याच पंचक्रोशीत त्याच दुखण्याची आणखी माणसं दिसू लागली. त्यांच्यासाठी आणि मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

नाव काय, आणि बिघडतं काय

फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, थोडक्यात एफएनडी. न्यूरॉलॉजिकल म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचं. फंक्शनल म्हणजे कामाचं: अवयवाची रचना शाबूत आहे, त्याचं काम चालण्यात बिघाड आहे. मेंदूच्या कामाचा आजार, असं आम्ही घरात म्हणतो.

गावच्या भजनी मंडळाचं उदाहरण घ्या. पेटी सुरात आहे, पखवाजाला नवी शाई भरली आहे, झांजा लखलखीत आहेत, बुवांचा गळा मोकळा आहे. तरी गजर चढत असताना ताल सुटला की सगळं भजन कोसळतं. दुसऱ्या दिवशी पेटी आणि पखवाज दुकानात तपासायला न्या, दुकानदार म्हणेल, काही बिघडलेलं नाही. तो खरंच बोलतो आहे. आणि रात्री भजन कोसळलं, हेही खरंच आहे. नेहमीचा एमआरआय वाद्यं तपासतो. रक्ताची गाठ, सूज, झीज, तुटलेली जागा त्यात दिसते. ताल त्यात दिसत नाही.

या आजारात हातपाय लुळे पडतात, थरथरतात, झटके देतात, वाकडे होऊन बसतात. चाल बिघडते. शुद्ध हरपल्यासारख्या फिट येतात. बधिरपणा येतो, बोलता बोलता आवाज जातो, कधी दिसेनासं होतं. त्याच्या जोडीला दुखणं, कमालीचा थकवा, झोपेची मोडतोड आणि डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं हे बहुतेकांना असतंच, आणि पुष्कळांना पायापेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो.

हे दुर्मीळ नाही. स्कॉटलंडमध्ये न्यूरॉलॉजिस्टकडे आलेल्या ३,७८१ नव्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात डोकेदुखीच्या खालोखाल, साधारण १६ टक्के रुग्ण फंक्शनल आणि मानसिक लक्षणांचे होते. बायकांमध्ये प्रमाण जास्त, पण पुरुषांना आणि मुलांनाही होतो.

साकवावरचा पाय

पावसाळ्यात आमच्या वहाळावर साकव घालतात. पोफळीची दोन-तीन खोडं आणि धरायला एक आडवा बांबू. तीच खोडं खळ्यात जमिनीवर टाकली तर लहान पोरंही त्यावरून धावत जातील. वहाळावर घातली आणि खालून लाल पाणी घोंघावत जायला लागलं की चांगल्या धडधाकट माणसाचे पाय लटपटतात. खोडं तीच, पाय तेच. आजी पलीकडच्या काठावरून ओरडायची, "पायांकडे बघू नको गो, फुडे बघ!"

तिचं बरोबर होतं. चालणं हे मेंदू आपल्याला न विचारता करत असतो. कुठला स्नायू कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा याचा हिशेब खोल कुठेतरी आपोआप चालू असतो. त्या हिशेबात आपलं लक्ष घुसलं की तो चुकतो. साकव उतरलो की लक्ष परत फिरतं आणि चाल ताळ्यावर येते. एफएनडीमध्ये मेंदूचं लक्ष त्या अवयवावर असं अडकून पडतं की साकव संपतच नाही. माणूस सपाट अंगणात उभा असतो आणि त्याच्या पायाला वहाळ लागलेला असतो. हे लक्ष त्यानं मुद्दाम दिलेलं नसतं, त्यामुळे ठरवून काढूनही घेता येत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजाची. आठ दिवस समुद्रात राहून ट्रॉलरवरून उतरलेल्या खलाशाला विचारा. जेटीवर पाय ठेवला की जमीन हलते. रात्री अंथरुणावर पडलं तरी लाट अंगाखालून जाते. डोळ्यांना जमीन स्थिर दिसते, पण मेंदूनं आठ दिवसांत बांधलेला अंदाज अजून समुद्राचाच असतो. मेंदू नुसता बाहेरून आलेल्या खबरांवर चालत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज आधी बांधतो आणि खबर त्याच्याशी ताडून बघतो. अंदाज फार पक्का असला तर खबरेलाच मागे सारतो.

एफएनडीत असा एखादा चुकीचा अंदाज घट्ट बसतो: हा पाय जड आहे, हा उचलणार नाही. तो बसायला पुष्कळदा काहीतरी शारीरिक निमित्त असतं. पडणं, मुरगळणं, शस्त्रक्रिया, अर्धशिशीचा जोरदार झटका, चक्कर, ताप. वहिनीच्या बाबतीत बहुधा ते चार दिवसांच्या तापातलं अंग गळून जाणं असावं. ताप गेला, मेंदूतला समुद्र राहिला.

आणखी एक बारकावा. आपण हात हलवतो तेव्हा 'हे मी केलं' अशी नोंदही मेंदूत होत असते. मेंदूचं चालू काम दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, एफएनडीचा कंप असलेल्या माणसांनी मुद्दाम हात हलवला तेव्हा आणि हात आपोआप थरथरला तेव्हा, असं दोन्ही वेळा बघण्यात आलं. आपोआप थरथरताना ही नोंद करण्यात भाग घेणारी मेंदूच्या उजव्या बाजूची जागा मंद आढळली. हात त्याचाच, पण हलवणारा मी नाही, असं रुग्ण सांगतो ते खरं सांगत असतो.

मशीनला दिसत नाही, तर डॉक्टर ओळखतात कसं?

हातांनी. १९०८ साली हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक साधी खूण लिहून ठेवली, ती आजही वापरतात. वहिनीला झोपवून डॉक्टरांनी उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हणाले, टाच खाली दाबा. जोर जवळजवळ नाहीच. मग म्हणाले, आता उजवा विसरा, डावा पाय वर उचला, मी तो वरून दाबतो. तिनं डावा उचलायला जोर लावला आणि त्याच क्षणी उजवी टाच डॉक्टरांच्या हातावर घट्ट रुतली. एक पाय उचलताना दुसऱ्यानं आधार द्यायचा, हे शरीर आपोआप करतं. पक्षाघातात तो जोर आलाच नसता.

त्यांनी हे तिच्यापासून लपवलं नाही, पुन्हा करून तिलाच दाखवलं. "बघा, ताकद आहे. मेंदूपासून पायापर्यंतचा रस्ता शाबूत आहे. तुम्ही मागायला जाता तेव्हा ती हाताशी येत नाही, एवढंच." वहिनी पाच महिन्यांत पहिल्यांदा माणसासमोर रडली. कुणीतरी तिला खोटं न ठरवता तिच्या पायाबद्दल बोललं होतं.

कंपाचीही अशी खूण आहे. दुसऱ्या हातानं ठरावीक ठेक्यावर टिचक्या वाजवायला सांगतात. थरथरणारा हात थांबतो किंवा तोच ठेका धरतो. फिटमध्ये डोळे गच्च मिटलेले असणं, झटका लांबणं, मध्येच कमी होऊन पुन्हा वाढणं, मान या कुशीवरून त्या कुशीवर हलणं याकडे लक्ष देतात. एका खुणेवर निदान करत नाहीत. खात्रीसाठी व्हिडिओ ईईजी असतो, म्हणजे फिट येत असतानाच तिचं चित्रण आणि मेंदूच्या विजेची नोंद. ती सोय सगळीकडे नसते, म्हणून घरच्यांनी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. रुग्णाची आधी परवानगी घ्या आणि तो व्हिडिओ डॉक्टरांखेरीज कुणाच्या मोबाईलवर जाऊ देऊ नका.

म्हणजे एफएनडी हे 'बाकी काही सापडलं नाही' म्हणून चिकटवायचं नाव नाही. त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत. नुसतं 'रिपोर्ट नॉर्मल' एवढंच सांगितलं असेल तर पुढचा प्रश्न विचारा: मग हे काय आहे, आणि कशावरून?

पुढे भलतंच काही निघालं तर?

ही भीती आम्हालाही होती. यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. १९७० नंतरच्या अभ्यासांत निदान चुकल्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं. ते शून्य नाही. शिवाय एकाच माणसाला अपस्मार आणि एफएनडीच्या फिट दोन्ही असू शकतात. म्हणून एक नियम पाळायचा: नवीन लक्षण म्हणजे नवी तपासणी. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात अचानक पडला, बोलणं अडखळलं तर 'तिचं नेहमीचंच असेल' म्हणत बसू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

"म्हणजे मनाचंच ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं की, मग मनानंच बरं व्हावं. जुनं नाव हिस्टेरिया. ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेलं, म्हणजे आजाराच्या नावातच बाईला दोष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये शार्को नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी तो मज्जासंस्थेचा आजार म्हणून अभ्यासला. पुढे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉईड यांनी मांडलं की दाबून टाकलेलं दुःख शरीराच्या लक्षणात पालटतं, आणि शंभरेक वर्षं डॉक्टर प्रत्येक रुग्णात लपलेलं दुःख शोधत राहिले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीतून 'मानसिक ताण सापडलाच पाहिजे' ही अट काढून टाकली, कारण पुष्कळ रुग्णांत तसं काही सापडतच नव्हतं.

काहींच्या बाबतीत असतं, आणि ते मोठं असतं. लहानपणचा छळ, घरातली मारहाण, जवळच्याचा मृत्यू. ते विचारायचं तर एकांतात, तिच्या कलानं, सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवून विचारावं. पण ते सापडलं तरी आजार खोटा ठरत नाही. ताणानं अर्धशिशी उठते, म्हणून अर्धशिशी खोटी असं कुणी म्हणत नाही. मन आणि मेंदू यांच्यामध्ये आपण जो गडगा घातला आहे तो आपल्या बोलण्यात आहे, कवटीच्या आत नाही.

"काल फुगडी घातली, आज चालता येत नाही?"

हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी गणपतीत गौरीच्या रात्री बायकांनी वहिनीला ओढून फुगडीत घेतलं. आणि ती फिरली. चांगली दोन-तीन फेरे फिरली, हसली, गाणं म्हणाली. आम्ही बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा फरफटत. दुपारपर्यंत वाडीभर झालं: बघा, काल फुगडी घालत होती!

तेव्हा निदान झालेलं नव्हतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तीच शंका आली होती, आणि त्याची मला आजही लाज वाटते. आता कळतं की फुगडी हीच तिची हूवरची खूण होती. समोरच्या बाईचे हात, गाण्याचा ठेका, गरगर फिरणारं माजघर, यात लक्षाला पायाकडे जायला वावच नव्हता. पायाला स्वतःचं काम स्वतः करायची मोकळीक मिळाली. याच आजारात सपाट चालता न येणारी माणसं उलटं चालू शकतात, किंवा धावू शकतात. सोंग घेणारा माणूस तर आपण पकडले जाऊ अशा जागी जाणारच नाही. सगळ्या वाडीसमोर फुगडी घालेल कशाला?

लक्षणं कमीजास्त होणं हा या आजाराचा स्वभाव आहे. सकाळी आहे, दुपारी नाही. परक्यांसमोर जास्त, कारण परके बघतात. आणि बघणं हेच तर त्याचं खाद्य.

"देवाचं काही असेल तर?"

आमच्या घरीही गाऱ्हाणं घातलं. आईनं गुरवाकरवी कौल लावला. त्यात मी आडवा आलो नाही, कारण आईच्या मनाला त्यानं उभारी आली, आणि ती उभारी वहिनीपर्यंत पोचली. देवासमोर उभं राहण्यानं उपचार अडत नाही. अडतो तो 'आधी देवाचं होऊ दे, मग दवाखाना' म्हणत महिने घालवल्यानं, कारण आजार जितका मुरतो तितका मोडायला जड जातो.

पण एक रेषा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, वहाण भिजवलेलं पाणी पाजणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. फिट येणाऱ्या मुलींच्या वाट्याला हे अजून येतं. कुठे दिसलं तर पोलिसांना कळवा.

उपचार

पहिला उपचार म्हणजे समजावून सांगणं, आणि ते घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून. त्यानंतर लक्षण कुठलं आहे त्यावर.

पाय-हातासाठी फिजिओथेरपी, पण वेगळ्या प्रकारची. ताकद वाढवायचा व्यायाम इथे फारसा कामाचा नाही, ताकद आहेच. विसरलेली वळणं लक्ष चुकवून परत बसवायची असतात: उलटं चालणं, आडवं चालणं, पाय न उचलता सरकवणं, ठेक्यावर चालणं, चालताना चेंडू झेलणं. २०१७ साली ब्रिटनमध्ये ६० जणांवर झालेल्या छोट्या चाचणीत अशा फिजिओथेरपीनं ७२ टक्के लोकांनी सुधारणा सांगितली, नेहमीच्या उपचारात १८ टक्के. पुढे ३५५ जणांच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, चालण्या-फिरण्याच्या गुणांत तेवढा फरक दिसला नाही, पण स्वतःला बरं वाटतंय असं सांगणारे खास उपचाराच्या गटात जास्त होते. फिटसाठी बोलण्यातून उपचार असतात. २०२० सालच्या ३६८ जणांच्या चाचणीत त्यानं फिटची संख्या ठळकपणे घटली नाही, रोजचं जगणं मात्र सुधारलं. हे आकडे मी मुद्दाम जसेच्या तसे देतो, कारण 'महिन्यात बरं करतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

थेट एफएनडीवर गोळी नाही. उदासी, अर्धशिशी, झोप यांवर औषध दिलं तर ते घ्यावं. अपस्माराच्या गोळ्या एफएनडीच्या फिटवर चालत नाहीत, पण त्या आपल्या मनानं बंद करू नका.

आमच्याकडे खरी अडचण अंतराची. तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहे, पण त्यांना हा आजार नवा होता. आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडून चार ओळींची चिठ्ठी लिहून घेतली आणि फिजिओ ताईंनी ती मनावर घेतली. पंधरा दिवसांनी एकदा जाणं आणि मधल्या दिवसांत घरी करणं, असं जमवलं. मनाच्या बाजूसाठी सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, फोन १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोबाईलला रेंज मिळाली की गावातूनही लागते.

घरात, पाखाडीवर आणि एसटीत

रोजच्या आधारातली सगळ्यात अवघड गोष्ट आम्हाला शिकायला वर्ष लागलं: बघायचं नाही. वहिनी चालायला लागली की आईचे डोळे तिच्या पायाला चिकटायचे. "सांभाळ, सांभाळ, पडशील." प्रेमच ते, पण मेंदूतल्या 'हा पाय पडणार' या अंदाजाला खतपाणी घालणारं. आता आई तिच्या बरोबरीनं चालते आणि बोलत राहते. माशांचा भाव, कुणाच्या काजूला किती दर मिळाला, मुंबईहून कुणाचा फोन आला. पाखाडी उतरताना दोघी पायऱ्यांवरच्या तुळशीवृंदावनांबद्दल बोलतात आणि खाली पोचतात.

पाखाडीच्या चिऱ्यांवर जून लागला की शेवाळ येतं, तिथे धडधाकट माणूस घसरतो. आम्ही एका बाजूनं बांबू बांधून घेतला. काठीबद्दल फिजिओला विचारूनच ठरवलं: पावसात बाहेर जाताना घ्यायची, घरात नाही. घरात सतत काठीवर भार टाकला तर शरीर तीच चाल पक्की करतं. ज्यांना फिट येतात त्यांच्यासाठी जास्त बदल लागतात. न्हाणीला आतून कडी नको. विहिरीवर एकटीनं जायचं नाही. चुलीपेक्षा गॅस बरा, आणि तोही मागच्या बाजूची शेगडी. विळीवर बसून नारळ खवण्यापेक्षा तेवढं काम दुसऱ्यानं करावं.

कामं काढून घेताना मात्र जपून. सगळंच काढून घेतलं तर बाई ओटीवरची पाहुणी होते. वहिनीला हे पायापेक्षा जास्त टोचायचं. ती बचत गटाचा हिशेब बघायची, ते काम तिनं सोडू नये म्हणून गटातल्या बायकांनी बैठक आमच्या पडवीत घ्यायला सुरुवात केली.

थकव्याचं गणित समुद्रासारखं आहे. बरं वाटलं की उधाण यावं तसं तिनं कपडे, धान्य निवडणं, आंबा काढून अढी घालणं, सगळं एका दिवसात उरकायचं, आणि मग तीन दिवस सुकती. चांगल्या दिवशी थोडं राखून आणि वाईट दिवशीही थोडं तरी करायचं, हा नियम तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवला. तो पाळणं तिला अजून जमत नाही. आंब्याच्या दिवसांत तर नाहीच.

दादा मुंबईहून रोज रात्री फोन करतो. पहिल्यांदा विचारायचा, "पाय कसा आहे?" आता विचारतो, "आज काय केलंस?" हा बदल वहिनीनंच सांगून करून घेतला.

फिट आली तर

शेजारच्या वाडीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी एसटीत फिट येऊन पडायची. कुणी कांदा हुंगवायचं, कुणी वहाण, कुणी मुठीत किल्ल्या कोंबायचं, चारजण हातपाय दाबून धरायचे. दाबून धरल्यावर फिट वाढते. आजूबाजूच्या टोकेरी वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गर्दी हटवा, आणि एकानंच शांतपणे बोला: तू सुरक्षित आहेस, मी इथे आहे. तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका. पहिलीच फिट असेल, डोक्याला मार लागला असेल, श्वास अडखळत असेल, बाई गरोदर असेल, किंवा फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली आणि ही कुठली फिट याची खात्री नसेल, तर १०८ लावा. ज्यांचं निदान झालं आहे त्यांनी किती वेळ थांबायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. दवाखान्यातही ते दाखवावं, कारण अपस्मार समजून झोपेची इंजेक्शनं एकामागून एक दिली गेली तर श्वास मंदावू शकतो.

त्या मुलीच्या ओळखपत्रामागे आता एक चिठ्ठी असते: "मला एफएनडी हा मेंदूच्या कामाचा आजार आहे. मला फिट येऊ शकते. मला धरून ठेवू नका, काही हुंगवू नका. माझ्याशी शांतपणे बोला. खालच्या नंबरवर फोन करा." तिच्या गाडीच्या कंडक्टरनं ती वाचली आहे. फिटच्या आधी तिला कानात घुमल्यासारखं होतं. तेव्हा ती थंड पाण्याची बाटली मुठीत धरते आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं पुटपुटते. काही वेळा फिट टळते.

कागदपत्रं

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. त्यामुळे कागदावर निदान न्यूरॉलॉजीचं असो वा मानसोपचाराचं, 'मनाचं आहे' एवढ्यावर दावा फेटाळला तर हरकत घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एफएनडीचं नाव वेगळं नाही. प्रमाणपत्रासाठी जायचं तर आजारामुळे काय करता येत नाही ते दाखवावं लागतं. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. कमीजास्त होणाऱ्या आजारात टक्केवारी ठरवणं अवघड, म्हणून तीन-चार महिन्यांची वही न्यावी: कुठल्या दिवशी काय अडलं.

बरी होणार का?

काही पूर्ण बरे होतात, विशेषतः लवकर कळलं तर. बऱ्याच जणांची लक्षणं राहतात. हातापायाच्या लक्षणांवर झालेल्या जुन्या-नव्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा, काही वर्षांनंतर सुमारे ४० टक्के जण होते तसेच किंवा जास्त वाईट होते. त्यातल्या अनेकांना नीट उपचार मिळालेच नव्हते, हेही ध्यानात घ्यावं लागेल.

वहिनीचा पाय अजून पूर्ण सुटलेला नाही. पहिल्या वर्षी रोज फरफटायचा, आता महिन्यातले सहा-सात दिवस. परवा त्यातलाच एक दिवस होता. मी शाळेतून आलो तेव्हा आई आणि शेजारची काकी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. वहिनी पाय ओढत माजघरातून आली. आईनं मान वर न करता सांगितलं, "गो, परसातलो शेगलाचो पालो काढून आण." वहिनी गेली, वेळ लावून गेली, आणि पदरात पाला घेऊन आली. तोवर दोघींची वालाची अर्धी टोपली सोलून झाली होती.